सह्याद्रीत एकट्याने राहायला जाताय? आधी मे बघा, मग जुलै, मग घर बांधा

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे दोन-तीन जण येतात. कोणी नोकरी सोडलेली असते, कोणाला उरलेलं आयुष्य साधनेत घालवायचं असतं, कोणाला नुसतं माणसांपासून लांब राहायचं असतं. बहुतेकांनी जागा हेरून ठेवलेली असते, आणि ती बघितलेली असते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या दिवसांत सह्याद्रीत वाईट जागा सापडतच नाही. झरे वाहत असतात, गवत पिकून सोनेरी झालेलं असतं, पहाटे गारवा असतो. मग माणूस घाईघाईने खोपटं उभारतो, एप्रिलात पाण्यासाठी वणवण करतो आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ओलं अंथरूण पाठीवर टाकून खाली उतरतो.

मी डोंगराच्या एका माचीवर सात वर्षं एकटा राहतोय. उतरून गेलेल्यांपैकी बरेचजण मनाने कच्चे नव्हते. त्यांचा क्रम चुकला होता. पहिल्या भेटीपासून कायमच्या मुक्कामापर्यंत सतरा महिने लागतात: एका मे महिन्यापासून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. ते कसे वापरायचे, ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. टप्पे पुढेमागे करू नका.

## टप्पा १: कागद

जंगल कोणाचंच नसतं, असं समजून अनेकजण येतात. सह्याद्रीत प्रत्येक गुंठ्याला मालक आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो मालक वनखातं आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणं, झाड तोडणं, आग पेटवणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हे आहेत. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. तिथे तर नुसतं राहणंही परवानगीशिवाय चालत नाही. वनहक्क कायदा २००६चा आधार काहीजण सांगतात. तो आदिवासींसाठी आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांसाठी आहे, शिवाय कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो. आज शहरातून आलेल्या माणसाचा त्यात काही हक्क नाही. किल्ल्यावरची गुहा किंवा लेणं हे बहुतेक वेळा संरक्षित स्मारक असतं, तेही मनातून काढून टाका.

म्हणजे खासगी जमीन हवी. विकत घ्यायची असेल तर आधी तुम्ही शेतकरी आहात का ते बघा. कुळवहिवाट कायदा १९४८च्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेण्यावर वेगळे आणि कडक निर्बंध आहेत. दलाल काहीही म्हणो, त्या वाटेला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं जमीन घेऊच नका. डोंगरावरच्या वाड्यांमध्ये तरुण मंडळी मुंबई-पुण्याला गेलेली असतात आणि लांबच्या शेतावरचे गोठे, माळ्यावरच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात. मालकाशी लेखी करार करून तिथे राहा. मालकालाही जागेवर माणूस असलेला बरा वाटतो, आणि तुमचा बेत फसला तर पैसे अडकत नाहीत.

तपासा: सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात वन किंवा खासगी वन अशी नोंद आहे का? महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ मुळे वर्षानुवर्षं कसली जाणारी जमीनही कागदावर वन असू शकते. फेरफार काढून वाचा. जमिनीपर्यंतची पायवाट कोणाच्या शेतातून जाते, तेही विचारा. वाट अडली की एकांतवास अडकला.

## टप्पा २: मे महिन्यात पाणी मोजा

नुसतं बघू नका, मोजा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जागेवर जा. दहा लिटरची कळशी झऱ्याखाली लावा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. वीस मिनिटांत भरली तर दिवसाला ७२० लिटर झाले. एका माणसाला उदंड. दोन तास लागले तरी १२० लिटर मिळतात. बारीक झऱ्याला घाबरू नका. घाबरायचं ते मोठ्या दिसणाऱ्या पण होळीला आटणाऱ्या झऱ्याला. हे मोजमाप तीन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, असं करा.

मग वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पाणी तिने भरलेलं असतं, पुरुषांना नेमकं ठाऊक नसतं. मला एका आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाबा, ह्यो झरा शिमग्याला डोळं मिटतो. वरच्या उंबराखालचा बघ, त्यो कधी गेला न्हाई.” मी खालच्याजवळ राहिलो असतो तर पहिलाच उन्हाळा शेवटचा ठरला असता.

आणखी एक गोष्ट. त्या झऱ्यावर मेमध्ये वाडीतली माणसं, गुरं येत असतील तर पहिला हक्क त्यांचा. तुम्ही स्वतःहून आलेले आहात, ते जन्मापासून तिथे आहेत. झऱ्याला पाइप लावून पाणी वळवलंत की गावाशी तुमचं नातं त्याच दिवशी संपतं.

झरा कमी पडत असेल तर पावसाचं पाणी साठवावं लागेल. हिशेब सरळ आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर २५० मिलिमीटर पाऊस झाला की ५,००० लिटर. कोकणात आणि घाटमाथ्यावर एवढा पाऊस जुलैच्या एका आठवड्यातही होतो. गरजही मोजा. पिणं, स्वयंपाक, भांडी आणि जेमतेम अंघोळ धरून एका माणसाला दिवसाला वीस लिटर लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या दहा तारखेपर्यंत सुमारे २४० दिवस कोरडे. म्हणजे ४,८०० लिटर. पाच हजारांची टाकी घेतलीत तर भाजीच्या वाफ्याला जेमतेम दोनशे लिटर शिल्लक राहतात, हे लक्षात ठेवा. परवडत असेल तर दहा हजारांची घ्या.

नेहमीची चूक: जूनच्या पहिल्या सरीत टाकी भरून घेणं. त्या पाण्यात वर्षभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा असतो. पहिले चार-पाच पाऊस वाहून जाऊ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी लागेल तसं वापरा, सप्टेंबरच्या सुरुवातीला टाकी रिकामी करून आतून घासा आणि मग शेवटच्या पावसावर भरा. उजेड आत शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डास होतात. पिण्याचं पाणी, मग ते झऱ्याचं असो की टाकीचं, गाळून आणि खळखळून उकळूनच प्या.

## टप्पा ३: पायाखालची जमीन

माळीण गाव ३० जुलै २०१४ला दरडीखाली गेलं. महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ला. तिन्ही ठिकाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. तिन्ही तारखा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत, हे मुद्दाम बघा. तोवर डोंगर पाण्याने तुडुंब झालेला असतो आणि त्यावर अतिवृष्टी होते.

तीव्र उताराच्या पायथ्याशी, घळीच्या तोंडाशी, ओढ्याच्या वळणावर घर नको. उतारावरची मोठी झाडं बुंध्यापासून वाकून पुन्हा सरळ झालेली दिसली तर ती जमीन सरकते आहे. वरच्या बाजूला कोणी डोंगर कापून सपाटी केली असेल, रस्ता काढला असेल, तर जागा कितीही मोहक असो, सोडा. सर्वांत चांगली जागा म्हणजे सोंडेवरचा थोडा रुंद सपाट भाग, पण अगदी धारेवरचा नाही. तिथे वारा आणि वीज दोन्हींचा मारा बसतो.

इशारा: राहायला गेल्यावर पावसात जमिनीला नवी भेग दिसली, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा थांबलं, तर सामान आवरत बसू नका. त्याच क्षणी बाहेर पडा, घळ टाळून आडव्या वाटेने जा.

## टप्पा ४: रंगीत तालीम

हा टप्पा लोक गाळतात. मेमध्ये पाणी मोजायला जाल तेव्हा तीन दिवस तिथेच काढा, स्वतः शिजवून खाऊन. त्यानंतर जुलैत दहा दिवस. तंबूत नव्हे, त्याच परिसरातल्या रिकाम्या गोठ्यात किंवा पडवीत, मालकाला विचारून.

जुलैचे दहा दिवस बरंच काही शिकवतात. मीठ पाघळतं. काडेपेटी पेटत नाही. एकदा भिजलेला कपडा वाळत नाही, आणि तिसरा जोडही भिजला की माणूस रडकुंडीला येतो. धुकं इतकं दाट असतं की दुपारी एक वाजता दहा पावलांवरची बादली दिसत नाही. चपलेत जळू, अंथरुणावर गोम. पावसाचा आवाज पत्र्यावर रात्रभर चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशी खाली उतरावंसं वाटतंच. वाटलं तर उतरा, त्यात कमीपणा काही नाही. पण का उतरलात ते त्याच दिवशी वहीत लिहा. थंडीने, भुकेने, भीतीने की कोणाशी बोलायला नव्हतं म्हणून? पहिल्या तिन्हींवर सामानाने उपाय होतो. चौथ्यावर होत नाही.

नर्मदेची परिक्रमा करणारेही चातुर्मासात एका जागी थांबतात. चालण्याची सवय असलेली ती माणसं पावसाला मान देतात, तर आपण पहिल्याच पावसाळ्यात त्याच्याशी झुंजायला जाऊ नये.

## टप्पा ५: गावातली चार माणसं

एकांतात राहणाऱ्याला गावाची गरज नसते, हा गैरसमज महागात पडतो. अनोळखी माणूस डोंगरात एकटा राहतोय म्हटल्यावर गावात शंका येतेच. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर शंका मिटते.

पोलीस पाटलांना भेटून ओळखपत्राची प्रत आणि घरच्यांचा नंबर द्या. वनरक्षकाला भेटा, सरहद्द कुठून जाते ते त्याच्याबरोबर चालून बघा. आशाताईंना भेटा, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण कधी असतं ते त्यांना पक्कं माहीत असतं. चौथा माणूस सर्वांत महत्त्वाचा: रोज गुरं घेऊन तुमच्या बाजूला येणारा कोणीतरी. त्याच्याशी खुणेची भाषा ठरवा.

मी आधी पांढऱ्या फडक्याची खूण ठरवली होती. सकाळी घरासमोरच्या काठीवर फडकं दिसलं की मी ठीक आहे, दोन दिवस दिसलं नाही तर वर यायचं. उन्हाळ्यात छान चाललं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये लाकूड तासताना कोयता निसटून माझ्या नडगीवर बसला. बाहेर नऊ दिवसांचं धुकं होतं. फडकं आहे की नाही हे कोणालाच दिसत नव्हतं. पाय बांधून, बसून सरकत, खिंडीपर्यंत पोचायला मला साडेचार तास लागले. तेव्हापासून खूण बदलली. खिंडीतल्या पिंपळाच्या ढोलीत एक डबा आहे. बुधवारी आणि शनिवारी मी त्यात खडा टाकतो, गुरं घेऊन येणारे मामा तो काढून घेतात. एका वारी खडा नसला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर येतात. धुक्यात, पावसात, काळोखात, कधीही चालते ही पद्धत.

तपासा: तुमची खूण जुलैत चालते का?

## टप्पा ६: घर

आता, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, घराचं काम, मग ते कराराने घेतलेली खोली राहण्याजोगी करणं असो की नवी बांधणं. स्वतःच्या जमिनीवरचं झाड तोडायलाही बऱ्याच जातींच्या बाबतीत परवानगी लागते, तेव्हा लाकूड विकत आणणं सोपं. दहा बाय बारा फुटांची एक खोली आणि तिच्या दोन बाजूंना पडवी पुरते. पडवी हवीच, सरपण, ओले कपडे, चिखलाचे पाय सगळं तिथे राहतं. जोतं निदान दोन फूट उंच घ्या आणि भोवतीने चर खणा, म्हणजे डोंगराचं पाणी भिंतीला लागणार नाही.

गवताचं छप्पर डोळ्यांना सुखावतं, उन्हाळ्यात गारही राहतं. पण ते दरवर्षी शाकारावं लागतं, त्यात उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात, आणि पाणी साठवायला ते निरुपयोगी. मी निम्म्या भागावर पत्रा आणि निम्म्यावर कौलं घातली आहेत. कौलं वानरं फोडतात, तेव्हा वीस-पंचवीस जास्तीची ठेवा. भिंतीला कारवीचा कूड शेणामातीने लिंपलेला चालतो, फक्त पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला झावळ्यांचा किंवा जाड ताडपत्रीचा आडोसा मेअखेर लावा. झडीचा पाऊस आडवा येतो आणि लिंपलेली भिंत महिनाभरात विरघळवतो.

झोपायला खाट. जमिनीवर झोपायचा हट्ट कितीही साधनेचा वाटला तरी नको. कारण पुढे टप्पा ८ मध्ये आहे. शौचाचा खड्डा झऱ्यापासून निदान तीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला.

इशारा: पावसात दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी किंवा धुनी पेटती ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, पण तो जीव घेतो. चुलीच्या वर छपराला फट ठेवा.

## टप्पा ७: पावसाळ्याची बेगमी

१ जून ते १५ ऑक्टोबर हे १३७ दिवस. या काळात ओढे भरले की आठ-आठ दिवस खाली उतरता येत नाही, म्हणून सगळं मेच्या वीस तारखेपर्यंत घरात हवं. एकट्या माणसाचा माझा हिशेब असा: धान्य रोज चारशे ग्रॅम, म्हणजे ५५ किलो. त्यातलं तीस किलो तांदूळ, पंधरा किलो नाचणी, बाकी ज्वारी. नाचणीला कीड लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते, म्हणून ती जास्त घेतली तरी वाया जात नाही. डाळी आणि कडधान्यं ११ किलो. तेल ४ लिटर, गूळ ४ किलो, मीठ ३ किलो. शेंगदाणे, चिंच, आमसूल, लाल तिखट, हळद. खात असाल तर सुकट आणि बोंबील. सांडगे, पापड, वाळवलेली गवार, लोणचं. कांदा जाळीत टांगून ठेवा, ढिगात ठेवलात की जुलैत सडतो.

डाळीला एरंडेल चोळून, कडधान्याला राख लावून, कडक उन्हात वाळवून मगच घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. गरम असताना भरू नका. आत घाम धरून बुरशी येते. मीठ, काडेपेट्या आणि औषधं वेगवेगळ्या बरण्यांत. एकच मोठं पिंप भरण्यापेक्षा चार लहान बरी: एकात पाणी शिरलं तरी तीन वाचतात.

रानभाज्यांवर विसंबून धान्य कमी आणू नका. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली हे सगळं मिळतं, पण ते ताटातलं तोंडीलावणं आहे, पोट त्यावर भरत नाही. आणि ओळख लागते. शेवळं नीट साफ न करता, काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंचेशिवाय शिजवली तर घशाला खाज सुटून माणूस बेजार होतो. वाडीतल्या बाईबरोबर एक पावसाळा फिरा, तिने हातात दिलेलं तेवढंच खा. रानातली अळंबी स्वतःच्या ओळखीवर कधीही खाऊ नका. अळंब्याच्या विषाची लक्षणं काही वेळा उशिरा दिसतात, आणि तोवर यकृताला इजा झालेली असते.

सरपण. एकट्याला रोज तीन किलो, म्हणजे चारशे किलोच्या वर. इथे सगळे फसतात. मेमध्ये ढीग बघून पुरेसा वाटतो आणि ऑगस्टच्या मध्यात संपतो. पडलेलं, वाळलेलं लाकूड फेब्रुवारीपासून गोळा करा, हाताच्या लांबीचे तुकडे करा, जमिनीपासून वीतभर उंच मांडणीवर रचा. गोवऱ्या वाडीतून विकत घ्या, त्यात कंजूषी करू नका. तो पैसा घरोघरच्या बायकांच्या हाती जातो. सततच्या झडीसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर जवळ असू द्या.

सौरदिवा असेल तर जुलैत सलग चार-पाच दिवस तो चार्ज होणार नाही हे धरून सेलची बॅटरी आणि मेणबत्त्या ठेवा. सेलवरचा छोटा रेडिओ ठेवा. आकाशवाणीच्या बातम्यांतला हवामानाचा अंदाज ऐकण्यापुरता जरी लावलात तरी अतिवृष्टीच्या आदल्या दिवशी खाली उतरायचं की नाही ते ठरवता येतं.

## टप्पा ८: साप, ताप, जखम

राहायला जाण्याआधी आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा: साप चावल्यावर द्यायची लस (प्रतिविष) इथे आहे का? नसेल तर जवळ कुठे मिळते? मग घरापासून तिथपर्यंत पावसाळी वाटेने किती वेळ लागतो ते चालून बघा आणि त्याला दोनने गुणा, कारण त्या दिवशी तुम्हाला कोणीतरी डोलीतून नेत असेल.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोकणात फुरसं फार, दगडाखाली आणि पालापाचोळ्यात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा अनेकदा दुखतही नाही. म्हणून खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. रात्री पाय खाली टाकण्याआधी बॅटरी. लाकूड उचलताना आधी काठीने ठोका. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, १०८ला फोन लावा आणि थेट रुग्णालयात. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

कोकणात लाल विंचूही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे त्यावर आज उपचार आहे, पण तो डॉक्टरांकडेच घ्यायचा असतो. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की वाट बघू नका.

ताप आला की दुसऱ्या दिवशी खाली. भातखाचरातून चालल्यावर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो आणि त्यात कधीकधी चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, ती बगल-जांघ तपासून शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घ्या. दातांची कामं उरकून घ्या. दाढ दुखायला लागली की सगळा एकांत त्या दाढेत गोळा होतो.

कुत्रा पाळणार असाल तर तो रात्री घरात हवा. बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. गवा वाटेत दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. आग्या मोहळाच्या कड्याखाली धूर करू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

## टप्पा ९: वणवा

फेब्रुवारी ते मे. गवत उभं वाळलेलं असताना एक बिडी डोंगर पेटवते. डिसेंबरात घराभोवती निदान पाच मीटरचा पट्टा गवत कापून, पाला झाडून स्वच्छ करा आणि मे संपेपर्यंत तो तसाच ठेवा. सरपणाची रास घराला चिकटून नको. पेटवून जाळरेषा काढायचं काम एकट्याने मुळीच करू नका. वनरक्षक आणि गावची माणसं करतात तेव्हा त्यांच्यात सामील व्हा. आग येताना दिसली तर वर पळू नका, ती चढणीला माणसापेक्षा वेगाने धावते. आधीच जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या जागेवर जा.

## टप्पा १०: दिवस आणि मन

नुकताच जोडीदार गेला असेल, मोठं दुःख ताजं असेल, मनाच्या आजारावर औषधं चालू असतील किंवा दारू सोडायचा प्रयत्न चालू असेल, तर आत्ता येऊ नका. हे मी कळकळीने सांगतो. डोंगर दुःख हलकं करत नाही, आहे तेच मोठं करून ऐकवतो. आधी माणसांत बरे व्हा. डोंगर कुठे जात नाही.

बाकीच्यांनी दिवसाला क्रम लावा. उठायची वेळ, पाणी आणायची वेळ, कामाची वेळ, साधना असेल तर तिची वेळ, आणि दोन वेळचं गरम जेवण. एकटा माणूस सर्वांत आधी स्वयंपाक टाळायला लागतो. वहीत रोज तीन ओळी लिहा: पाऊस, तब्येत, काय केलं. सलग तीन दिवस दुपारी झोप, जेवणाची टाळाटाळ आणि वही कोरी, असं दिसलं तर चौथ्या दिवशी वाडीत जाऊन कोणाच्या तरी पडवीत बसा. बोललं नाही तरी चालतं, शेंगा सोला. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, रेंज मिळते त्या दगडापर्यंत जा आणि फोन करा.

## टप्पा ११: खालच्या जगाशी ठेवायचे धागे

पहिला पावसाळा पूर्ण काढायचं कोणालाही वचन देऊ नका. चाळीस दिवस ठरवा आणि मग उतरून या, वजन करा, रक्त तपासा. ते ठीक निघालं तर पुन्हा वर जा. ऑक्टोबरात कायमचा मुक्काम धरा.

कागदांचे धागे तोडू नका. निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात. रेशनकार्ड, बँकेचं केवायसी, जमिनीचा सारा, आरोग्य विमा या सगळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. इच्छापत्र करा आणि त्याची प्रत विश्वासाच्या माणसाकडे द्या. खाली उतरलात तर कुठे राहणार, ती खोली आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. त्या पैशाला हात लावायचा नाही.

पहिल्या वर्षी घरच्यांना एकदा वर आणा. मेमध्ये आणा, दिवाळीत नव्हे. झरा, खिंड, पिंपळाची ढोली आणि मामांचं घर त्यांना चालत दाखवा, म्हणजे कधी खडा चुकला तर मामांचा फोन आल्यावर कुठे यायचं ते त्यांना कळेल.